एस्ट्रिऑल क्रीमचा रिव्ह्यू: पाळी गेल्यावरचा कोरडेपणा, सारखी लागणारी उन्हाळी आणि बाकीचं

रिव्ह्यू एका छोट्या ट्यूबचा आहे. एस्ट्रिऑल व्हजायनल क्रीम, म्हणजे योनीमार्गात लावायचं (एस्ट्रिऑल हा एस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनचाच एक प्रकार), १५ ग्रॅमची ट्यूब, सोबत प्लॅस्टिकचा अ‍ॅप्लिकेटर. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, वेगवेगळ्या नावांनी मिळते आणि आतलं औषध तेच असतं, ट्यूबवर एस्ट्रिऑल आणि १ मिग्रॅ प्रति ग्रॅम असं लिहिलंय का तेवढं बघायचं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे, मेडिकलवाल्याने ओळखीत असंच दिलं तरी घेऊ नका, का ते पुढे येईलच.

माझं वय ५२, डोंबिवलीत राहते, नोकरी सीएसएमटीजवळ. पाळी पूर्ण जाऊन दोन वर्षं होऊन गेली. इथे ट्रेनचा उल्लेख करतेय त्याला कारण आहे, आपल्या लोकलमध्ये टॉयलेट नसतं आणि एकदा का दर अर्ध्या तासाला लघवीला जायची भावना व्हायला लागली की मुलुंड येईपर्यंत जीव नकोसा होतो, मग बायका काय करतात तर पाणीच पीत नाहीत, सकाळी घोटभर चहा आणि थेट ऑफिसला जाऊन पाणी, आणि पाणी कमी प्यायल्यावर जळजळ अजून वाढते. लेडीज डब्यात माझ्या वयाच्या कितीतरी जणी हेच करतात. कोणी बोलत नाही, विचारलं की मग सगळ्या बोलतात.

मला सुरुवातीला वाटायचं उन्हाळी लागलीय. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळ्याचं पाणी सगळं झालं. तात्पुरतं बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. मग एका डॉक्टरांकडे गेले, त्यांनी युरीन इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक दिलं, कल्चर म्हणजे लघवीत जंतू आहेत का ती तपासणी काही केली नाही. पुन्हा जळजळ, पुन्हा दुसरं अँटिबायोटिक. त्यात पोट बिघडलं ते वेगळंच. आणि याच्या जोडीला जे होतं ते मी कुणाला सांगितलंच नव्हतं, म्हणजे खाली सतत कोरडं वाटणं, चालताना सलवारची शिवण टोचल्यासारखी होणं, खाज, आणि नवऱ्याबरोबर संबंध आला की चिरल्यासारखं दुखायचं, कधी थोडं रक्तही दिसायचं. या सगळ्याचा लघवीशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातच नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही.

शेवटी एका बाई गायनॅककडे गेले. त्यांनी आधी पाळी कधी गेली विचारलं, मग संबंधाच्या वेळी दुखतं का विचारलं, तपासणी केली, आणि सांगितलं की हे सगळं एकाच ठिकाणाहून येतंय, एस्ट्रोजेन कमी झालंय.

त्यांनी जे समजावलं ते लिहितेच, कारण हे कळल्यावर अर्धी भीती जाते. योनीमार्गाच्या आतल्या अस्तराला एस्ट्रोजेन लागतं. ते असतं तोवर अस्तर जाड आणि ओलसर राहतं, त्या पेशींमध्ये ग्लायकोजेन म्हणजे एक प्रकारची साखर साठते, तिच्यावर लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जिवाणू जगतात आणि ते लॅक्टिक अ‍ॅसिड बनवतात. त्यामुळे तिथला पीएच साधारण ३.५ ते ४.५ असा आंबट राहतो आणि वाईट जंतूंना थारा मिळत नाही. पाळी गेल्यावर एस्ट्रोजेन घसरतं, अस्तर पातळ होतं, चांगले जिवाणू कमी होतात, पीएच ५ च्या वर जातो, आणि मग शौचाच्या जागेकडचे ई. कोलायसारखे जंतू पुढे सरकून मूत्रमार्गात शिरतात. शिवाय मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचा खालचा भाग यांनाही एस्ट्रोजेन लागतंच, तेही नाजूक होतात, म्हणून जंतू नसले तरी जळजळ होते, घाई होते, खोकलं-शिंकलं की थेंब गळतात. २०१४ पासून या सगळ्याला मिळून एकच नाव दिलंय, जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज. नाव अवघड आहे, डॉक्टर नुसतं जीएसएम म्हणतात.

आणि महत्त्वाचं म्हणजे हे आपोआप जात नाही. अंगातून वाफा येणं, घाम फुटणं हे बहुतेकींचं काही वर्षांनी कमी होतं, कोरडेपणाचं उलटं आहे, उपाय केला नाही तर वयाबरोबर वाढत जातो. ‘पाळी गेली की सुटलीस’ असं आपल्याला आई-मावशीने सांगितलेलं असतं, त्यामुळे या नव्या त्रासाची कुणाची तयारीच नसते.

आता क्रीमबद्दल.

वापरायची पद्धत: सुरुवातीला रोज रात्री, साधारण दोन-तीन आठवडे, आणि मग आठवड्यातून दोनदा. मी सोमवार-गुरुवार ठरवलंय म्हणजे विसरायला होत नाही. अ‍ॅप्लिकेटरवर एक रिंग असते तिथपर्यंत क्रीम भरलं की अर्धा ग्रॅम होतं, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम औषध. झोपायच्या आधी आडवं होऊन, गुडघे थोडे वर घेऊन आत घालायचं आणि दट्ट्या हळू दाबायचा. थोडंसं बोटाने बाहेरच्या भागालाही लावायला मॅडमनी सांगितलं होतं कारण माझी जळजळ मूत्रमार्गाच्या तोंडाशी जास्त होती. अ‍ॅप्लिकेटर कोमट पाण्याने साबण लावून धुवायचा, उकळत्या पाण्यात टाकायचा नाही, वाकडा होतो.

पहिले काही दिवस उलट थोडी चुणचुण झाली. छातीतही किंचित दुखरेपणा आला होता. दोन्ही आपोआप गेलं. पातळ झालेल्या कातडीवर काहीही लावलं तरी सुरुवातीला झोंबतं असं मॅडमनी आधीच सांगितलेलं म्हणून मी बंद केलं नाही, पण बऱ्याच जणी इथेच सोडतात. फरक लगेच कळत नाही. आधी खाज थांबली, मग चालताना टोचणं, लघवीची जळजळ त्यानंतर, आणि संबंधाच्या वेळचं दुखणं सगळ्यात शेवटी कमी झालं. पूर्ण फायदा दिसायला दोन-तीन महिने लागतात, तेव्हा पंधरा दिवसांत निकाल लावू नका. आता माझ्या पर्समध्ये पाण्याची बाटली असते आणि मी ती ट्रेनमध्ये पिते. अँटिबायोटिक त्यानंतर लागलेलं नाही.

संबंधाच्या ऐन आधी वंगण म्हणून हे क्रीम लावायचं नाही हं. हे औषध आहे, नवऱ्याच्या अंगात जायला नको. त्या वेळेसाठी वॉटर बेस्ड ल्युब्रिकंट जेल वेगळं मिळतं, ते दोन्ही बरोबर चालतं. मला पहिले काही महिने दोन्ही लागलं. खोबरेल तेलाचं खूप जणी सांगतात, बाहेरून लावायला काही जणींना बरं वाटतं, पण कंडोम वापरत असाल तर तेलाने लेटेक्स खराब होतं आणि तेलाने अस्तर काही पुन्हा जाड होत नाही.

इंटिमेट वॉशबद्दल मात्र माझं मत कडक आहे. गुलाबी बाटल्या, फुलांचे वास, पीएच बॅलन्सचे दावे, आणि आमच्या वयाच्या बायकांना अजून वाईट वाटायला लावणाऱ्या जाहिराती. मी आधी तेच वापरत होते कारण वाटायचं स्वच्छतेत काही कमी पडतंय. योनीमार्ग आतून धुवायची गरजच नसते, बाहेरून साधं पाणी पुरतं, आणि कोरड्या, पातळ झालेल्या जागी सुगंधी फेस लावला की जळजळ वाढते. ते पैसे वाचवा. त्रास स्वच्छतेचा नाहीये, हार्मोनचा आहे, हे प्रत्येकीला कुणीतरी सांगायला हवं.

आता ट्यूबसोबत येणारं ते घडीचं पत्रक. मी ते वाचलं आणि घाबरून ट्यूब दोन दिवस कपाटात ठेवून दिली. कॅन्सर, पक्षाघात, रक्ताच्या गाठी, सगळी यादी. मॅडमना फोन केला तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाच्या मोठ्या अभ्यासातला एक भाग मध्येच थांबवला होता. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, पाळी नुकतीच गेलेल्या नव्हत्या, आणि त्यांना पोटात घ्यायची गोळी दिली होती, घोडीच्या लघवीपासून काढलेलं एस्ट्रोजेन आणि जोडीला प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचं कृत्रिम रूप. त्यात स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलं ते दर १०,००० बायकांमागे वर्षाला साधारण ८ जास्त. ही बातमी जगभर गेली आणि सगळ्याच हार्मोनच्या औषधांवर एकच इशारा छापला गेला, मग ती पोटात घ्यायची गोळी असो की योनीमार्गात लावायचं चिमूटभर क्रीम. कमी डोसचं हे क्रीम जिथे लावतो तिथेच बहुतेक काम करतं, रक्तात फारच थोडं उतरतं, म्हणून गर्भाशय असलेल्या बाईला एस्ट्रोजेनने गर्भाशयाचं अस्तर वाढू नये म्हणून देतात ते प्रोजेस्टेरॉनही सोबत घ्यावं लागत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, मेनोपॉजच्या हार्मोन औषधांवरचा तो काळ्या चौकटीतला इशारा काढायचं जाहीर केलं. वीसेक वर्षं बायका त्या भीतीपायी जळजळ सहन करत बसल्या याचं मला फार वाईट वाटतं.

पण सगळ्यांसाठी आहे असं नाही. माझ्या नणंदेला स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय आणि ती लेट्रोझोलवर आहे. ती गोळी शरीरातलं एस्ट्रोजेन अगदी तळाला नेते, त्यामुळे तिचा कोरडेपणा माझ्यापेक्षा कितीतरी जास्त, बसायलाही त्रास. मी उत्साहाने तिला ट्यूबचं सांगितलं तर तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी आधी बिनहार्मोनचं वापरून बघू म्हटलं, आणि तिला हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं व्हजायनल मॉइश्चरायझर दिलं, तेही ठरावीक दिवसांनी नियमित लावायचं, फक्त गरजेला नाही. तिला बऱ्यापैकी आराम आहे. तेव्हा कॅन्सर झालेला असेल तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर अंगावरून रक्त गेलं, अगदी एक डाग का असेना, तर आधी तपासणी आणि सोनोग्राफी. गर्भाशयाच्या अस्तराची जाडी बघतात. माझंही संबंधानंतर जे रक्त दिसायचं त्यासाठी मॅडमनी आधी सोनोग्राफी आणि पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी) केलं, मगच क्रीम लिहून दिलं. म्हणूनच म्हटलं मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. शिवाय खाज आणि पांढरे चट्टे असतील तर लायकेन स्क्लेरोसस नावाचा वेगळाच त्वचेचा आजार असू शकतो, त्याचं औषध वेगळं. शुगर वाढलेली असली तरी खाली खाज येते आणि लघवीचं इन्फेक्शन सारखं होतं, ती तपासून घ्या. जळजळीबरोबर ताप, कंबर-पाठीत दुखणं किंवा लघवीत रक्त असेल तर क्रीमची वाट बघत बसायचं नाही, लगेच डॉक्टर.

सासूबाईंचं सांगायलाच हवं. वय ७६. त्यांना दर दोन-तीन महिन्यांनी लघवीचं इन्फेक्शन व्हायचं, एकदा तर ताप डोक्यात जाऊन बडबडायला लागल्या होत्या. सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन इन्फेक्शनं झाली तर त्याला वारंवार होणारं म्हणतात, आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये ते टाळायला योनीमार्गात लावायचं एस्ट्रोजेन द्यावं असं अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. मी म्हटलं, “अहो आई, डॉक्टरांना विचारू या का?” तर म्हणाल्या, “या वयात मला हे कशाला गं, लोक काय म्हणतील.” लोकांना कोण सांगायला जातंय! त्यांना वाटलं होतं हे फक्त नवरा-बायकोच्या कामाचं आहे. लघवीसाठी आहे म्हटल्यावर तयार झाल्या. हातात संधिवात असल्यामुळे त्यांना अ‍ॅप्लिकेटर जमत नाही, म्हणून बोटाने लावतात, डॉक्टरांनी तसं चालेल म्हटलं. इन्फेक्शन बंदच झालं असं म्हणणार नाही पण खूपच कमी झालं, आणि रात्री उठणं कमी झाल्यामुळे पडायची भीतीही कमी झाली.

क्रीमने काय होत नाही तेही सांगते, नाहीतर ट्यूब घेऊन याल आणि नंतर चिडाल. अंगातून वाफा येणं यावर याचा उपयोग नाही. मला मानेपासून कढ चढायचे, चेहरा लाल, ऑफिसात एसी चालू असताना ब्लाउज पाठीला चिकटायचा, रात्री चादर ओली. मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग एस्ट्रोजेन कमी झालं की फार हळवा होतो, अंगातली उष्णता जराशी वाढली तरी त्याला वाटतं आता थंड केलंच पाहिजे आणि घाम फोडतो. ज्यांना हे वारंवार होतं त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणींना सात वर्षांच्या वर चालतं असं अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलंय. झोप तुटणं, छातीत धडधड, सांधे आखडणं, खांदा वर न जाणं, नावं न आठवणं, उगाच रडू येणं, केस विरळ होणं, डोळे कोरडे पडणं, यातलं कशालाच हे क्रीम पुरणार नाही, त्यासाठी संपूर्ण शरीरात जाणारं एस्ट्रोजेन किंवा दुसरी औषधं लागतात. माझी एक मैत्रीण एस्ट्राडिऑलचं जेल दंडाला लावते, कातडीतून जातं म्हणून गोळीसारखी रक्ताच्या गाठींची जोखीम वाढत नाही. तिचं गर्भाशय आहे म्हणून तिला रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूलही आहे आणि त्याने झोपही चांगली लागते म्हणते. हार्मोन नको असेल किंवा चालत नसेल तर वेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन अशी दुसरी औषधंही वाफांसाठी देतात. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून घ्या, कारण धडधड, थकवा, केस गळणं याला तीही कारणं असतात. सोया-शतावरीच्या महागड्या मेनोपॉज कॅप्सूल मी घेऊन बघितल्या, मला काडीचा फरक पडला नाही.

आणि हाडं. ती दुखत नाहीत म्हणून कळत नाही. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या स्कॅनमध्ये टी-स्कोअर नावाचा आकडा उणे २.५ किंवा त्याखाली असला तर ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडं ठिसूळ, उणे १ ते उणे २.५ मध्ये असेल तर सुरुवात. नाचणी, तीळ, दही, चालणं, जिने, थोडं वजन उचलणं हे चालू ठेवाच.

जाऊबाईंचं प्रकरण वेगळं. त्यांची चाळिशीच्या आतच पिशवी काढली आणि सोबत दोन्ही अंडाशयंही. नुसतं गर्भाशय काढलं तर अंडाशयं पुढे काम करत राहतात, पण तीही काढली की एस्ट्रोजेन एका दिवसात संपतं, जे आपल्याला सात-आठ वर्षांत हळूहळू होतं ते त्यांना टाके सुकायच्या आधीच सुरू झालं. ऑपरेशनच्या आधी त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचं गाजलं होतं, तीन वर्षांत जिल्ह्यात ४६०५ पिशव्या काढल्याचा आकडा विधिमंडळात आला होता. तेव्हा सगळी चर्चा ऑपरेशनांची झाली. मला राहून राहून वाटतं की त्यातल्या ज्यांची अंडाशयंही गेली त्यांना तिशी-पस्तिशीत कोरडेपणा, जळजळ, हाडं ठिसूळ होणं हे सगळं येणार, फडावर टॉयलेट नाही, पाणी प्यायचं कमी, आणि ही ट्यूब त्यांना कुणी लिहून दिली असेल? आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वयच ४६-४७ आहे, त्याच्या कितीतरी आधी या बायकांचं एस्ट्रोजेन गेलं. सरकारी दवाखान्यात ही ट्यूब फुकट मिळायला हवी, अगदी लोह-कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात तशी.

स्टार्स द्यायचे तर ५ पैकी ४. एक कापला तो अ‍ॅप्लिकेटर आणि पत्रकासाठी. अ‍ॅप्लिकेटर कडक आहे, दुखऱ्या जागी घालताना पहिल्या आठवड्यात नको वाटतं, टोकाला थोडं क्रीम लावून घ्या म्हणजे सरकतो. पत्रकावरची अक्षरं इतकी बारीक की चष्मा लावूनही वाचवत नाही, आणि मराठीत एक ओळ नाही. जिच्यासाठी औषध आहे ती पन्नाशीतली बाई आहे हे छापणाऱ्याला ठाऊक असायला हवं होतं.

किती दिवस वापरायचं हा प्रश्न मला सगळ्याच विचारतात. बंद केलं की काही आठवड्यांत त्रास परत येतो, कारण एस्ट्रोजेन काही परत येत नाही. म्हणून गरज आहे तोवर, वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवून, चालू ठेवायचं. सासूबाईंचंही चालूच आहे.

डॉक्टरकडे गेल्यावर कसं बोलायचं हे ज्यांना सुचत नाही त्यांनी सरळ एवढंच सांगा, मोबाईलमध्ये टाइप करून दाखवलं तरी चालेल: पाळी जाऊन इतकी वर्षं झाली, खाली कोरडं पडतं आणि आग होते, संबंधाच्या वेळी दुखतं, लघवीला घाई आणि जळजळ होते, आतापर्यंत ही-ही अँटिबायोटिक्स घेतली, मला एस्ट्रोजेनचं क्रीम चालेल का. आणि घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर होता का, तुम्हाला रक्ताची गाठ झाली होती का, पाळी गेल्यावर कधी डाग दिसला का, हे त्यांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा.